कांद्यांवरची फांदी

ती घटना माझ्या मनातून अजून पुसली गेलेली नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगडही खाल्ले. पण निवृत्तीनंतर कुणी "साहेब, एखादी केस सांगा ना" म्हटले की मला सर्वांत आधी एक साधा रस्ता अपघात आठवतो. त्यात कुणी दगावले नाही. वर्तमानपत्रात चार ओळींपलीकडे काही छापून आले नाही. तरीही त्या प्रकरणातल्या एका बाईंनी मला जे दाखवून दिले, ते प्रशिक्षण केंद्रातही शिकायला मिळाले नव्हते. कुणाचेही नाव लिहिणार नाही. ज्यांना ओळखायचे ते ओळखतीलच.

तेव्हा निफाड तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. हुद्दा सहायक पोलीस निरीक्षकाचा. मी मूळचा बागलाणातला. वडील बाजारात तोलाईचे काम करायचे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला पहिला माणूस मीच. गावच्या शाळेत विज्ञानाचे एक गुरुजी होते. प्रयोगवहीत ते पानाचे दोन भाग करायला लावत: एकीकडे निरीक्षण, दुसरीकडे अनुमान. आम्ही पोरे घाईघाईने निरीक्षणाच्या जागी अनुमान लिहायचो. मग गुरुजी कान धरून विचारायचे, "हे तू पाहिलंस, की तुला वाटलं?" खात्यात आल्यावर असंख्य जबाब घेतले, आणि प्रत्येक वेळी गुरुजींचा तो प्रश्न उपयोगी पडला. त्यांचे ऋण या निमित्ताने नोंदवतो.

उन्हाळ कांद्याचा हंगाम होता. हंगामात लासलगावकडे जाणाऱ्या रस्त्यांची काय अवस्था होते, हे आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. सकाळच्या लिलावात नंबर लागावा म्हणून शेतकरी आदल्या संध्याकाळीच ट्रॅक्टर बाहेर काढतात. बहुतेक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. वाटेत ट्रॉली पंक्चर झाली, एक्सल तुटला, तर जवळच्या झाडाची एक फांदी तोडायची आणि ट्रॉलीमागे रस्त्यात ठेवायची, हा इकडचा जुना रिवाज. फांदी दिसली की मागून येणारा ओळखतो, पुढे वाहन बंद पडले आहे.

त्या संध्याकाळी मी बाजार समितीत बंदोबस्ताला होतो. भावावरून गोंधळ झाला होता. तेवढ्यात ठाणे अंमलदारांचा फोन आला, "साहेब, फाट्याजवळ कार ट्रॉलीवर आदळली. दोन जखमी. हवालदार पुढे गेलेत." मी पोहोचलो तेव्हा दिवस पुरता मावळला नव्हता. हवालदारांचा पंचनामा होत आला होता.

एक पांढरी छोटी कार ट्रॉलीच्या मागच्या बाजूला नाक खुपसून उभी होती. ट्रॉलीचा मागचा फाळका तुटून लोंबत होता. धडकेने ढीगभर कांदे रस्त्यावर सांडले होते, पण मी पोहोचेपर्यंत गावकऱ्यांनी ते गोण्यांत भरून कडेला लावलेही होते. आमच्याकडे कांदा सांडला की सगळे धावतात. त्यात चोरी नसते, शेजारधर्म असतो. पण पोलिसाच्या नजरेने पाहिले तर पुरावा गोळा होण्याआधी कांदे गोळा झाले होते. कडुनिंबाची एक मोठी फांदी तेवढी रस्त्यात राहिली होती.

कारच्या बॉनेटजवळ तिशीच्या आसपासच्या एक बाई उभ्या होत्या. कोपरातून रक्त येत होते. पंजाबी ड्रेस, पण अंगावर ओढणी नव्हती. मागे वाहनांची रांग लागलेली, हॉर्नचा कल्लोळ. एक जण ओरडत होता, "ओ मॅडम, गाडी बाजूला घ्या ना! रस्ता काय सासऱ्याचा हाय का?"

बाईंनी शांतपणे उत्तर दिले, "सासऱ्यांचा असता तर खड्डे तरी बुजवले असते. पंचनामा पुरा होत नाही तोवर गाडी हलणार नाही."

मी पुढे झालो. मला पाहताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो स्वतःबद्दलचा नव्हता. "साहेब, तो ट्रॉलीमागचा माणूस कसा आहे, काही कळलं का? उजव्या पायातून फार रक्त जात होतं. मी ओढणी करकचून बांधली आणि पिकअपमधून पाठवलं. सोबत माझ्या सासूबाई आहेत. त्यांच्या मांडीचं हाड मोडलंय बहुतेक."

गर्दीतून कुणीतरी टोमणा मारला, "सासू दवाखान्यात, अन् सूनबाई हितं फोटो काढतीये! काय जमाना आला राव."

त्या बाईंच्या सासूबाईंनीच पिकअपमध्ये चढताना "तू हितंच थांब. दोघी गेलो तर हितं आपल्या बाजूनं बोलायला कोन?" असे बजावले होते, हे मला नंतर कळले. सासूबाई त्यांना "सूनबाई" म्हणत. पुढे आमच्या ठाण्यातही तेच नाव पडले. मीही इथे तेच वापरतो.

ट्रॅक्टरचे मालक गावातले प्रतिष्ठित बागायतदार होते. सप्त्यात पंगत घालणारे, कुणाच्याही लग्नात पुढे होऊन राबणारे. ते म्हणाले, "साहेब, पंक्चर झालं म्हनून ट्रॉली उभी केली. माझा सालगडी मागं वाकून चाक बघत व्हता. बाई आल्या शंभरच्या स्पीडनं, फोनवर बोलत. एवढी मोठी फांदी ठेवली व्हती, ती बी दिसली नाय त्यांना." शेजारच्या चार जणांनी माना डोलावल्या.

मी सूनबाईंना विचारले, "ताई, तुमचं काय म्हणणं? चूक कुणाची?"

"ते तुम्ही ठरवा, साहेब. मी काय झालं तेवढं सांगते."

अपघाताच्या ठिकाणी असे उत्तर मी क्वचितच ऐकले आहे. तिथे माणूस एक तर छाती ठोकून दुसऱ्याला शिव्या देतो, नाहीतर घाबरून "चुकलो, माफ करा" म्हणतो. दोन्ही पुढे महागात पडते. संतापाच्या किंवा भीतीच्या भरात निघालेला शब्द चार जणांनी ऐकलेला असतो, आणि तोच शब्द पुढे न्यायालयात आणि विमा कंपनीपुढे फिरून समोर येतो.

बागायतदारांच्या फिर्यादीवरून निष्काळजीपणे वाहन चालवून दोघांना गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा सूनबाईंवर दाखल झाला. हे त्यांना ठाण्यात सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा पहिल्यांदा उतरला. त्या म्हणाल्या, "साहेब, माझी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका म्हणून निवड झालीय. आता चारित्र्य पडताळणी व्हायचीय. हा गुन्हा त्यात येणार ना?"

"येणार," मी म्हणालो. खोटा धीर देण्यात अर्थ नव्हता.

त्या क्षणभर बाकाच्या कडेला बसल्या. मग उठल्या, पाणी प्यायल्या, आणि विमा कंपनीला फोन लावला. अपघाताची जागा, वेळ, जखमी किती, गाडी कुठे आहे, एवढेच सांगितले. चूक कुणाची, हे तिथेही नाही. फोन ठेवून त्यांनी फिर्यादीची प्रत मागितली. गाडी ठाण्याच्या आवारात राहू दे, सर्व्हेअर येऊन पाहून गेल्याशिवाय तिला गॅरेजचा हात लागू देऊ नका, अशी विनंती केली. आणि स्वतःच्या कोपराचीही दवाखान्यात पोलीस केस म्हणून नोंद करून घेतली.

आमचे हवालदार थक्क झाले. "ताई, तुम्ही याचा कुठं कोर्स केला का काय?"

"नाही हो काका. मिस्टर सैन्यात आहेत, सीमेवर असतात. आम्ही सासू-सुना देवळाली कॅम्पला राहतो. गॅस, बँक, गाडी, सगळं मलाच बघावं लागतं. पॉलिसी काढायला गेले तेव्हा एजंट जेवायला गेला होता. वेळ जाईना, म्हणून मागचं बारीक अक्षर वाचून काढलं."

दुसऱ्या दिवशी बागायतदार गावातल्या दोन वजनदार मंडळींना घेऊन ठाण्यात आले. त्यांचा प्रस्ताव साधा होता. सूनबाईंनी चूक कबूल करून लिहून द्यायचे, आपापला खर्च आपण सोसायचा, आणि मग हे लोक "आमची काही तक्रार नाही" असे म्हणणार. गुन्हा असा फिर्याद मागे घेऊन मिटत नाही, हे मी स्पष्ट सांगितले. पण आवारातल्या चिंचेखाली बोलणी सुरूच राहिली. खिडकीतून मला ऐकू येत होते.

"ताई, तुमची नोकरी लागतीये. कशाला कोर्टाच्या पायऱ्या? मिटवून टाका."

"आणि त्या भाऊंच्या पायाचं काय? उद्या त्यांना काम जमलं नाही तर?"

"आमचा मानूस हाय. आमी बघू की."

"'बघू' असं कागदावर लिहून देणार का?"

एकाने सहीचा कागद पुढे सरकवला. सूनबाई म्हणाल्या, "मी अशी सही केली तर माझ्या सासूबाईंची भरपाई गेली, त्या भाऊंचीही गेली. माझी नोकरी माझी आहे. त्यांचा पाय त्यांचा आहे. त्यांच्या पायावर मी कशी सही करू?"

मी खिडकीतून मान आत घेतली. या बाईंना सही करायचा मोह झालाच नसेल असे नाही. स्वतःची पहिली सरकारी नोकरी हातातोंडाशी आल्यावर काय वाटते, ते मला चांगले माहीत आहे.

त्याच दुपारी मी सासूबाईंचा जबाब घ्यायला दवाखान्यात गेलो. सूनबाई उशाशी बसल्या होत्या. साठी ओलांडलेल्या सासूबाई पायाला वजन लावून पडलेल्या, पण आवाज खणखणीत.

"लिवा साहेब. ट्रॅक्टर मागं आला. धाडकन मागं आला अन् आमच्या गाडीवर बसला."

"मावशी, ट्रॉलीचं चाक काढलेलं होतं. जॅक लावला होता. मागं कसा येईल?"

"मंग घरंगळला आसंल."

"तिथं पुढं उतार आहे. घरंगळला तर पुढं... नाही, चाकाविना पुढंही जाणार नाही."

"तुमी लय शिकलेले, तुमीच सांगा मंग कसा आला!"

"आई," सूनबाई मध्येच म्हणाल्या, "असं सांगू नका. ट्रॅक्टर उभा होता."

"तू गप ऱ्हाय! तुला काय कळतं पोलिसातलं? नोकरी जाईल ना तुझी."

"जाऊ दे गेली तर. तुमची एक गोष्ट खोटी निघाली की आपल्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवणार नाही."

सासूबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवले. मग डोळे पुसत म्हणाल्या, "खोडा ते, साहेब. ट्रॅक्टर उभा व्हता. ही पोर चांगली हाय, म्हनून बोलले." माझ्या नोकरीत लोक भीतीने खोटे बोलताना पाहिले, लोभाने बोलताना पाहिले. पण घात सर्वांत जास्त होतो तो मायेपोटी बोललेल्या खोट्याने, कारण ते बोलणाऱ्याला त्यात आपण काही वाईट करतोय असे वाटतच नाही.

मग सूनबाईंचा जबाब झाला. तो मी जवळजवळ शब्दशः सांगू शकतो. "माझा वेग बेताचा होता, नेमका किती, ते सांगता येणार नाही, मी काट्याकडे पाहिलं नव्हतं. फोन पर्समध्ये होता. समोरून मावळतीचं ऊन डोळ्यांवर येत होतं. त्याच वेळी सासूबाईंनी द्राक्षाचा घड पुढे केला आणि मी क्षणभर तिकडे पाहिलं. मान वर केली तर समोर ट्रॉली होती."

"ही द्राक्षाची गोष्ट लिहायची?" मी विचारले. "ती तुमच्या विरोधात जाईल."

"झालंय ते. लिहा."

"आणि फांदी? फांदी होती की नव्हती?"

"धडकायच्या आधी मी फांदी पाहिली नाही. नव्हतीच, असं कसं सांगू? समोरच्या उजेडात दिसली नसेल. नंतर मी त्या भाऊंचा पाय बांधत होते. दोघांना गाडीत घालून परत वळले आणि फोटो काढले, तेव्हा फांदी होती. मध्ये केव्हा आली, की आधीपासून होती, ते मला माहीत नाही."

माझा पेन थांबला. गुरुजींनी प्रयोगवहीचे पान दुमडावे, तसे या बाईंनी पाहिलेले आणि वाटलेले वेगळे करून ठेवले होते. शेजारी त्यांच्या नात्यातले एक वकील उभे होते. ते कपाळावर हात मारून म्हणाले, "अगं, तुला ते फोटो पुसून टाक म्हटलं होतं ना! फोटोत फांदी आहे. तू स्वतःच्या हातानं त्यांना पुरावा देतेयस."

"काका, आहे ते आहे," त्या म्हणाल्या आणि फोन माझ्या हाती दिला. मी फोन रीतसर पंचनाम्याने ताब्यात घेतला. खरे सांगायचे तर त्या क्षणी मलाही वकीलसाहेबांचेच म्हणणे बरोबर वाटत होते.

तपासाला कलाटणी मिळाली ती एका फोनने. ठाण्याच्या फोनवर एका बाईचा दबका आवाज आला. "साहेब, माझ्या घरवाल्याला मालक समोर नसताना इचारा. त्यांच्यासमोर तो काय बोलनार?" फोन कट झाला. नाव सांगायची गरज नव्हती. सालगडी, म्हणजे वर्षाच्या करारावर मालकाच्या शेतावरच राहणारा माणूस. त्याची बायको-पोरेही तिथेच. आणि बागायतदार रोज डबा घेऊन त्याच्या खाटेजवळ बसलेले असत. दिसायला ती सेवा होती, आणि ती खोटी होती असेही मी म्हणणार नाही. पण त्या खाटेजवळ घेतलेल्या जबाबाला अर्थ नव्हता. तिथे तो एकच वाक्य बोलला होता: "फांदी व्हती साहेब."

मी बागायतदारांना आरटीओच्या वाहन तपासणीसाठी ठाण्यात बोलावून घेतले आणि त्या वेळात स्वतः दवाखाना गाठला. सालगड्याच्या बोलण्यावरून तो माझ्याच मुलखातला असावा, अशी पहिल्याच दिवशी शंका आली होती. खुर्ची ओढून विचारले, "भाऊ, तुन्हं गाव कोनतं शे?"

त्याचे डोळे मोठे झाले. "साहेब, तुम्हीबी आमनाकडला शेतस?"

"हो. बागलाणाचाच."

अहिराणी कानावर पडताच त्याचा चेहरा सैलावला. आधी आम्ही गावाकडच्या पावसाबद्दल, भुईमुगाबद्दल बोललो. मग मी म्हणालो, "हे बघ, तू खरं बोललास तर भरपाई मालकाच्या खिशातून जात नाही. दोन्ही गाड्यांचा विमा चालू आहे. नुकसान द्यायचं ते विमा कंपन्या देतील, कोर्ट ठरवेल तसं. पण प्रकरण दाबलं गेलं, तर तुला मालकाची दया तेवढी मिळेल. दया किती वर्षं पुरते?"

तो छताकडे पाहत बोलू लागला. "साहेब, मी चाकाजवळ वाकलो व्हतो. मागं काय व्हतं, मी पाहिलं नाय. पन खाली पडल्यावर... ती ताई माझा पाय धरून बसली व्हती. 'डोळे मिटू नका भाऊ, माझ्याशी बोला' म्हनत व्हती. तवा मला झाड मोडल्याचा आवाज आला. कडाकडा."

धडकेनंतर फांदी मोडल्याचा आवाज. पण वेदनेने अर्धवट शुद्धीत असलेल्या माणसाने ऐकलेला. बागायतदारांचा वकील दोन प्रश्नांत उडवून लावेल, हे मला कळत होते.

ठाण्यात परतलो आणि सूनबाईंचे फोटो संगणकावर मोठे करून पुन्हा लावले. आतापर्यंत आम्ही सगळ्यांनी त्यात एकच गोष्ट पाहिली होती: फांदी आहे की नाही. हवालदारांचीही थोडी शेती होती. चहाचा कप घेऊन ते मागे येऊन उभे राहिले आणि सवयीने म्हणाले, "माल मात्र एक नंबर होता साहेब. बघा कसा रंग आहे. आणि पडलाय असा मातीत."

मी कांद्यांकडे पाहिले. मग फांदीकडे. मग पुन्हा कांद्यांकडे.

"हवालदार, ते कांदे रस्त्यावर कधी आले?"

"धडक बसली तेव्हा. फाळका तुटला ना."

"मग फांदी त्यांच्या वर कशी?"

हवालदारांनी कप टेबलावर ठेवला. फोटोत स्पष्ट दिसत होते. सगळीकडे कांदे पसरलेले, त्यांत कारच्या दिव्याची काच, आणि या सगळ्याच्या वर ती कडुनिंबाची फांदी. पाने ताजी, टवटवीत, एकही चिरडलेले नाही. फांदी आधीपासून तिथे असती तर कांदे तिच्यावर पडले असते, आणि गाडीच्या चाकाखाली तिचा चुरा झाला असता. आमचा पंचनामा सुरू व्हायच्या आत गावकऱ्यांनी कांदे उचलले होते. ते कांदे आता जगात एकाच ठिकाणी शिल्लक होते, त्या फोटोत. आणि तो फोटो पुसून टाकायचा सल्ला त्या बाईंना मिळाला होता.

बागायतदारांना खोलीत बोलावले. दरडावले नाही. चहा मागवला आणि फोटो त्यांच्यासमोर केला. "तुम्ही कांदा उत्पादक आहात. मला समजावून सांगा. फांदी आधी ठेवली, मग धडक झाली, मग कांदे सांडले. तर कांदे फांदीच्या खाली कसे गेले?"

त्यांनी फोटो पाहिला. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग जो आवाज निघाला, तो मला अजून ऐकू येतो.

"साहेब, माझा मानूस खाली पडून वरडत व्हता, अन् मी फांदी तोडत व्हतो."

ते पुढे म्हणाले, "आधी ठेवायची राहिली. म्हटलं, पाच मिनिटांचं तर काम हाय. मंग धडक बसली. वाटलं, आता जमीन इकावी लागनार. पाय आपोआप झाडाकडं गेले. मागं वळून पाहिलं तर ती बाई त्याला बांधत बसलेली. तिच्या हातातून रगत येत व्हतं."

"विमा होता ना तुमचा. तो कशासाठी भरता?"

"पासिंगसाठी," ते म्हणाले. त्यांनी ते इतक्या प्रामाणिकपणे सांगितले की मला हसावे की रडावे कळेना. आपल्याकडे निम्मे लोक विमा गाडीच्या कागदांसाठीच काढतात. तो आपल्या आणि दुसऱ्याच्याही आपत्तीसाठी असतो, हे कुणी त्यांना सांगितलेलेच नसते.

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही. म्हणून भर दिला तो फोटोवर, सालगड्याच्या जबाबावर आणि वाहन तपासणीच्या अहवालावर. ट्रॉली अर्धी डांबरावर होती आणि मागे दिवा की परावर्तक, काहीच नव्हते. रस्त्यात धोकादायकपणे वाहन उभे केल्याबद्दल बागायतदारांवर दोषारोपपत्र गेले. सूनबाईंविरुद्ध पुरेसा पुरावा नाही, असा अहवाल सरकारी वकिलांचे मत घेऊन सादर केला. पडताळणीच्या पत्राला उत्तर देतानाही जे घडले ते जसेच्या तसे कळवले. नेमणुकीचा आदेश उशिरा आला, पण आला. सुरगाण्याच्या बाजूला डोंगरातली शाळा मिळाली.

भरपाईचा दावा उभा राहिला तेव्हा सासूबाई आडून बसल्या. गाडी सुनेच्या नावावर, म्हणून दाव्यात ट्रॅक्टर मालकाबरोबर सुनेचेही नाव घालावे लागणार होते. "मी सुनेवर केस करू? लोकं तोंडात शेन घालतील माझ्या!" सूनबाईच त्यांना वकिलाकडे घेऊन गेल्या. "आई, पैसे विमा कंपनी देणार आहे. माझं नाव नुसतं शेजारी आहे." त्यावर सासूबाई म्हणाल्या, "बरं. पन भांडन कोर्टात. घरी येताना भाजी घ्यायची." साक्षीच्या वेळी द्राक्षाच्या घडाबद्दल विचारले गेले, तेव्हा सूनबाईंनी तेच सांगितले जे मला सांगितले होते. त्यामुळे थोडा दोष त्यांच्या गाडीकडेही आला, आणि तेवढा वाटा त्यांच्या विमा कंपनीने भरला. त्यांनी त्याबद्दल कुरकुर केली नाही. सालगड्याचा पाय वाचला, पण आखूड झाला. मिळालेल्या भरपाईतून त्याने गावाकडे पिठाची गिरणी टाकली. बागायतदार आता हंगामाच्या आधी स्वतः ट्रॉलीला लाल पट्ट्या चिकटवतात आणि शेजाऱ्यांनाही चिकटवायला लावतात.

या प्रकरणातून मी काय शिकलो, असे कुणी विचारले तर कायदा सांगता येईल. गाडी उगाच हलवू नका, फोटो काढा, विमा कंपनीला लगेच कळवा, दबावाखाली कशावर सही करू नका. हे सगळे खरे आहे आणि प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. पण सूनबाईंना या सगळ्याने वाचवले असे मला वाटत नाही. त्यांना वाचवले ते "मी पाहिलं नाही, नव्हतीच असं कसं सांगू" या एका वाक्याने. आपल्या हक्काचे रक्षण करायचे म्हणजे आपल्या सोयीचे बोलायचे, अशी आपली समजूत असते. या बाईंनी स्वतःच्या विरुद्ध जाणारा फोटोसुद्धा जपून ठेवला, आणि त्याच फोटोने त्यांना सोडवले.

ती फांदी आम्ही मुद्देमाल म्हणून जप्त केली होती. माझी बदली झाली तेव्हाही ती मुद्देमालाच्या खोलीत वाळून पडलेली होती, तिला रीतसर चिठ्ठी लावलेली होती. ओढणी मात्र दवाखान्यात रक्ताने भिजली म्हणून कुणीतरी टाकून दिली. कुठल्याच पंचनाम्यात तिची नोंद नाही. एकाच वेळी, एकाच रस्त्यावर, एका माणसाने फांदी हातात घेतली आणि एका बाईने गळ्यातली ओढणी काढली. विचार करायला दोघांनाही वेळ नव्हता. सरकारी दप्तरात फांदी राहिली. ओढणीची नोंद राहून गेली होती, ती आज इथे करून ठेवतो.